एका स्वराचा प्रश्न: अरबी व्याकरण आणि इस्लामी धर्मचिंतन

अरबीत पैगंबर मूसा (मोझेस) यांच्या ‘मूसा’ या नावाला विभक्ती असते, पण ती ऐकू येत नाही. नावाच्या शेवटी दीर्घ ‘आ’ आहे. मूसा कर्ता असोत की कर्म, उच्चार तोच राहतो. कुराणाच्या चौथ्या सूरेतली (अध्यायातली) १६४वी आयत, म्हणजे वचन, अशी आहे: ‘व कल्लमल्लाहु मूसा तक्लीमा’. म्हणजे अल्लाह मूसांशी बोलला. यात बोलणारा कोण हे ओळखायला एकच खूण आहे, ‘अल्लाहु’मधला शेवटचा आखूड ‘उ’. त्या ‘उ’च्या जागी आखूड ‘अ’ उच्चारला की वाक्य फिरतं: मूसा अल्लाहशी बोलले.

आठव्या शतकात इराकमधल्या बसरा शहरात अबू अम्र इब्न अल-अला नावाचे विद्वान होते. कुराणाच्या ज्या सात पठणपरंपरा पुढे प्रमाण मानल्या गेल्या, त्यांतली एक त्यांच्या नावाने ओळखली जाते. व्याकरणातही त्यांचा शब्द मोठा. जुने ग्रंथ सांगतात की एक जण त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, ही आयत तुम्ही ‘अ’ लावून वाचावी अशी माझी इच्छा आहे. देव माणसासारखा बोलतो ही कल्पनाच त्याला पटत नव्हती. अबू अम्र म्हणाले, समजा वाचली. मग सातव्या सूरेतल्या १४३व्या आयतीचं काय करशील? तिथे शब्द आहेत ‘व कल्लमहू रब्बुहू’. ‘त्याच्याशी’ हे कर्म इथे ‘हू’च्या रूपाने क्रियापदालाच चिकटलेलं आहे, आणि ‘रब्बुहू’ म्हणजे त्याचा प्रभू. इथला ‘उ’ हलवला तर वाक्यात दोन कर्मं उरतात आणि कर्ता नाहीसाच होतो. विचारणारा निरुत्तर झाला.

या कथेत कुणी कुणाला पाखंडी म्हणत नाही, नरकाची भीती घालत नाही. कर्ता कुठे आहे ते दाखव, एवढंच म्हटलं जातं. अरबी व्याकरण आणि इस्लामी धर्मचिंतन यांचं नातं मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. देव कसा आहे, माणूस स्वतंत्र आहे का, कुराण अनादी आहे की निर्माण झालेलं, असे प्रश्न घेऊन भांडणारे लोक एका पंचासमोर उभे राहत, आणि तो पंच व्याकरण होता. त्याने दरवेळी निकाल दिला असं नाही, पण त्याला टाळून कुणालाही पुढे जाता आलं नाही.

आधी हे स्वर काय आहेत ते पाहू. मराठीत ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाशी’ अशी रूपं प्रत्यय लागून होतात. अरबीत तेच काम बरेचदा शेवटचा आखूड स्वर करतो. ‘झैदुन्’ म्हटलं की झैद कर्ता, ‘झैदन्’ म्हटलं की कर्म, ‘झैदिन्’ म्हटलं की शब्दयोगी अव्ययानंतर आलेला किंवा षष्ठीतला. आपल्याकडे कुराण शिकणारी मुलं या स्वरांच्या चिन्हांना पेश, जबर आणि जेर म्हणतात. मुळात अरबी लिपीत हे स्वर लिहायची पद्धतच नव्हती. लिहिली जात ती व्यंजनं आणि दीर्घ स्वर; उरलेलं वाचणाऱ्याच्या जिभेवर सोडलेलं. जन्माने अरब असलेल्याला त्याची अडचण नव्हती. पण सातव्या शतकात इस्लाम इराक आणि इराणात पसरला, आणि अरबी ही मातृभाषा नसलेली माणसं मोठ्या संख्येने कुराण वाचू लागली.

व्याकरणाच्या जन्माची कथा याच काळातली आहे. बसऱ्याचे अबुल अस्वद अद-दुअली (मृत्यू इ. स. ६८८च्या सुमारास) यांनी कुणाला तरी नवव्या सूरेतली तिसरी आयत वाचताना ऐकलं. आयतीचा अर्थ असा: अनेक दैवतं मानणाऱ्यांशी अल्लाहचा संबंध उरलेला नाही, आणि त्याच्या प्रेषिताचाही. वाचणाऱ्याने ‘रसूलुहू’ऐवजी ‘रसूलिही’ म्हटलं. अर्थ झाला: अनेक दैवतं मानणाऱ्यांशी अल्लाहचा संबंध उरलेला नाही, आणि त्याच्या प्रेषिताशीही. मराठीत ‘चा’ आणि ‘शी’ एवढाच फरक, पण देवाने आपल्याच पैगंबरांना झिडकारलं असा अर्थ निघाला. तेव्हा अबुल अस्वद यांनी एक लेखनिक बसवला आणि वेगळ्या रंगाची शाई दिली. मी तोंड उघडलं की अक्षराच्या वर ठिपका दे, ओठ जुळवले की बाजूला, खाली ओढले की खाली. आजही या स्वरांची अरबी नावं तशीच आहेत: फतहा म्हणजे उघडणं, दम्मा म्हणजे जुळवणं, कस्रा म्हणजे मोडणं.

‘ध चा मा’ म्हणजे काय हे माहीत असलेल्या मराठी माणसाला याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. संस्कृत शिकलेल्यांना पतंजलींच्या महाभाष्यातला ‘इन्द्रशत्रु’ही आठवेल. इंद्राला मारणारा पुत्र मागताना स्वराघात चुकला, समास बदलला, आणि इंद्रच त्या पुत्राला मारणारा ठरला. पवित्र शब्द जसाच्या तसा सांभाळायचा असेल तर व्याकरण लागतं, हे दोन वेगळ्या संस्कृतींना आपापल्या वाटेने कळलं होतं.

अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे सीबवैह (मृत्यू इ. स. ७९६च्या सुमारास) इराणी होते. त्यांच्याबद्दल सांगतात की ते बसऱ्यात हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि आठवणी, शिकायला आले होते. एका हदीसमध्ये त्यांनी ‘अबा’च्या जागी ‘अबू’ वाचलं, गुरूंनी भर वर्गात चूक काढली, आणि ते म्हणाले, आता अशी विद्या शिकेन की माझी चूक कुणाला काढता येणार नाही. धर्म शिकायला निघालेला विद्यार्थी व्याकरणाकडे वळला तो असा.

आता वादाचे दोन पक्ष ओळखून घेऊ. मुअतझिला हा पंथ आठव्या शतकात बसऱ्यात उभा राहिला. देवाचं एकत्व आणि देवाचा न्याय या दोन गोष्टी त्यांच्या विचाराच्या मुळाशी आहेत. देव एकच, तर त्याला शरीर नाही, तो दिसत नाही, आणि त्याच्याबरोबर दुसरं काहीही अनादी असू शकत नाही; म्हणून त्याची वाणी, म्हणजे कुराणसुद्धा, निर्माण केलेली. देव न्यायी, तर माणसाची कर्मं माणूसच करतो, नाहीतर शिक्षा अन्यायाची ठरेल. समोर हदीसचे अभ्यासक आणि पुढे अबुल हसन अल-अशअरी (मृत्यू इ. स. ९३६च्या सुमारास) यांचे अनुयायी; पुढे ‘सुन्नी’ म्हटलं आहे ते याच बाजूला. त्यांच्या मते कुराण अनादी आहे, परलोकात श्रद्धावान देवाला पाहतील, आणि माणसाच्या कर्मांसह सगळ्याचा निर्माता देवच. दोन्ही बाजूंना कुराणाचं प्रत्येक अक्षर प्रमाण होतं. त्यामुळे भांडण अक्षरांवर आणि स्वरांवर आलं.

मूसांच्या आयतीबाबत बहुतेक मुअतझिलांनी प्रचलित वाचन बदललं नाही. देवाने आवाज निर्माण केला आणि मूसांनी तो ऐकला, असा त्यांनी अर्थ लावला. त्यावर व्याकरणातूनच उत्तर आलं. आपण ‘नाच नाचला’, ‘लढाई लढला’ म्हणतो, तसं अरबीत क्रियापदापुढे त्याचंच नाम ठेवून जोर देतात. आयतीच्या शेवटचं ‘तक्लीमा’ ते आहे. दहाव्या शतकातले इजिप्तचे व्याकरणकार नह्हास म्हणतात की असा जोर दिला की क्रिया लाक्षणिक राहत नाही. ‘हौद भरला आणि म्हणाला, पुरे’ अशी एक जुनी अरबी काव्यपंक्ती आहे. हौद ‘म्हणाला’ हे चालतं. पण हौद ‘बोलणं बोलला’ असं अरब म्हणत नाहीत.

माणसाच्या स्वातंत्र्याचा वाद ५४व्या सूरेतल्या ४९व्या आयतीत येतो: ‘इन्ना कुल्ल शैइन् खलक्नाहु बि-कदर’. ‘कुल्ल’ म्हणजे प्रत्येक. त्याच्या शेवटी ‘अ’ असेल तर अर्थ होतो: आम्ही प्रत्येक गोष्ट मोजून निर्माण केली. ‘उ’ असेल तर असाही अर्थ घेता येतो: आम्ही निर्माण केलेली प्रत्येक गोष्ट मोजून आहे. दोन्ही वाक्यं पुन्हा वाचा. पहिल्यात काहीच बाहेर राहत नाही, माणसाची कर्मंसुद्धा. दुसऱ्यात देवाने निर्माण न केलेलंही काही असेल याला जागा उरते, आणि मुअतझिलांना तेवढीच जागा हवी होती.

इथली गंमत अशी की अशा वाक्यरचनेत सामान्य अरबीचा कल ‘उ’कडे असतो. प्रमाण पठणात मात्र ‘अ’ आहे. सीबवैह यांनी हीच आयत घेऊन लिहिलं की ‘अ’सुद्धा रूढ अरबी आहे, आणि पठणाला विरोध करायचा नसतो, कारण पठण ही चालत आलेली परंपरा आहे. पुढच्या सुन्नी विद्वानांनी यातून युक्तिवाद काढला: सोपी वाट सोडून ‘अ’ घेतला, तो दुसरा अर्थ निघू नये म्हणूनच.

३७व्या सूरेतली ९६वी आयतही याच वादातली. ‘अल्लाहने तुम्हाला निर्माण केलं, व मा तअमलून.’ हा ‘मा’ दोन प्रकारचा असू शकतो. ‘तुमचं करणं’ असा घेतला तर कर्मंही देवाचीच निर्मिती. ‘तुम्ही जे घडवता ते’ असा घेतला तर बोलणं फक्त मूर्तींचं आहे, कारण पैगंबर इब्राहीम हे मूर्ती कोरणाऱ्यांना सांगत आहेत आणि आधीच्याच आयतीत ‘तुम्ही जे कोरता त्याची पूजा करता का’ असा प्रश्न आहे. संदर्भ पाहता इथे मुअतझिलांचं वाचन मला जास्त सरळ वाटतं. सिद्धान्त कुणाचाही खरा असो, या एका आयतीवर त्याचा सगळा भार टाकता येत नाही.

देवदर्शनाचा वाद याहून रंगतदार आहे, आणि तो अबू अम्र यांनी पुढे केलेल्या त्याच आयतीत आहे. मूसा म्हणतात, प्रभो, मला दर्शन दे. उत्तर येतं, ‘लन तरानी’, तू मला पाहणार नाहीस. ‘लन’ हे भविष्यकाळातल्या नकाराचं अव्यय आहे. पण किती भविष्य? मध्य आशियातल्या ख्वारझमचे झमख्शरी (इ. स. १०७५–११४४) हे व्याकरणात अव्वल आणि मताने मुअतझिली. ‘लन’ नकाराला पक्का जोर देतं, असं ते म्हणतात. ‘लन’ म्हणजे कायमचं ‘नाही’ हे मतही त्यांच्या नावावर सांगितलं जातं. ते खरं धरलं तर दर्शनाचा प्रश्न मिटतो. या जगात नाही, त्या जगातही नाही.

याचं खंडन करणाऱ्यांनी आधी देवाचं स्वरूप सांगितलं नाही. त्यांनी ‘लन’ची दुसरी उदाहरणं काढली. कैरोचे इब्न हिशाम (इ. स. १३०९–१३६०) कुराणातलं मरियमचं, म्हणजे येशूच्या आईचं, वाक्य पुढे ठेवतात: ‘मी आज कुणाही माणसाशी बोलणार नाही.’ तिथेही ‘लन’ आहे. ‘लन’मध्येच ‘कधीही’ असतं तर ‘आज’ हा शब्द त्या वाक्यात बसलाच नसता. आणि दुसऱ्या सूरेतल्या ९५व्या आयतीत ‘लन’सोबत ‘अबदन्’ म्हणजे ‘कधीही’ हा शब्द वेगळा आला आहे. तो ‘लन’मध्येच असता तर पुन्हा कशाला घातला असता? ‘आज’सारखा साधा शब्द परलोकातल्या दर्शनाच्या वादात साक्षीदार म्हणून उभा राहतो, हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा पुरावा वाटतो. अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनमध्ये, जन्मलेले इब्न मालिक (मृत्यू इ. स. १२७४) यांनी तर व्याकरणाच्या पद्यातच घालून ठेवलं की ‘लन’ने कायमचा नकार होतो असं मानणाऱ्याचं म्हणणं सोडून दे. विद्यार्थी ती ओळ व्याकरणाचा नियम म्हणून पाठ करतो, आणि एका धर्मवादाचा निकालही त्याच्या तोंडी बसतो.

उलट बाजूने सुन्नींचा आवडता आधार म्हणजे ७५व्या सूरेतली २३वी आयत: त्या दिवशी काही चेहरे ‘इला रब्बिहा नाझिरा’, आपल्या प्रभूकडे पाहणारे असतील. काही मुअतझिलांनी सुचवलं की इथला ‘इला’ म्हणजे ‘कडे’ नव्हेच. ते ‘कृपा’ या अर्थाचं नाम आहे, आणि चेहरे प्रभूच्या कृपेची वाट पाहत आहेत. मराठीत ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय आहे आणि ‘देवाने वर दिला’ म्हटलं की नामही आहे, त्या जातीचा हा युक्तिवाद. अशक्य नाही, पण ओढून आणलेला. ‘चेहरा’, ‘पाहणं’ आणि ‘कडे’ एकत्र आले की सहज कानाला जे ऐकू येतं, त्यापासून तो फार दूर जातो.

हे वाद नुसते वर्गातले नव्हते. इ. स. ८३३मध्ये खलिफा मामूनने विद्वानांची चौकशी सुरू केली: कुराण निर्मित आहे हे मान्य करा. अहमद इब्न हंबल (इ. स. ७८०–८५५) यांनी नकार दिला, तुरुंगवास भोगला आणि पुढच्या खलिफाच्या, मुअतसिमच्या काळात फटके खाल्ले. त्या चौकशीत एक पुरावा ४३व्या सूरेतल्या तिसऱ्या आयतीचा होता: ‘इन्ना जअल्नाहु कुरआनन् अरबीय्यन्’, आम्ही त्याला अरबी कुराण केलं. ‘केलं’ म्हणजेच ‘निर्माण केलं’, असं चौकशी करणारे म्हणत.

आपलं ‘करणं’ हे क्रियापद इथे छान उपयोगी पडतं. ‘देवाने अंधार आणि उजेड केला’ म्हटलं की निर्मिती. ‘लोकांनी त्याला देव केलं’ म्हटलं की लोकांनी कुणाला जन्माला घातलं नाही, फक्त ठरवलं. अरबी ‘जअल’ तसंच वागतं: एक कर्म घेतं तेव्हा निर्माण करणं, दोन घेतं तेव्हा एकाला दुसरं ठरवणं किंवा बनवणं. त्याच सूरेत पुढे म्हटलंय की त्यांनी देवदूतांना स्त्रिया ‘केलं’. तिथे कुणी देवदूत निर्माण केले नव्हते. अहमद यांनी १०५व्या सूरेतली आयत विचारली, जिथे हत्ती घेऊन आलेल्या सैन्याला देवाने चघळलेल्या चाऱ्यासारखं ‘केलं’. त्यांना तिथे निर्माण केलं का? एका क्रियापदाची कर्मं मोजण्याचा हा प्रश्न होता, आणि उत्तरावर माणसाची पाठ सोलली जात होती.

श्रद्धा आणि आचरण यांचा वाद ‘आणि’ या शब्दावर झाला. कुराणात ‘ज्यांनी श्रद्धा ठेवली आणि सत्कर्मं केली’ हे वारंवार येतं. ‘आणि’ दोन वेगळ्या गोष्टी जोडतं, म्हणून कर्म हा श्रद्धेचा भाग नाही, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू ‘देवदूत आणि जिब्रील’ हे कुराणातलंच उदाहरण देते. जिब्रील देवदूतच आहेत. भाग वेगळा काढून त्याचा मान वाढवायलाही ‘आणि’ येतं.

कलिम्याकडेही, म्हणजे इस्लामच्या श्रद्धेच्या मूळ वाक्याकडेही, पाहायला हवं. ‘ला इलाह इल्लल्लाह’ या वाक्यात विधेय नाही. ‘कोणी ईश्वर ... नाही, अल्लाहशिवाय.’ रिकाम्या जागी काय धरायचं? ‘अस्तित्वात’ धरलं तर अडचण येते, कारण लोक पूजत असलेली दैवतं समोर दिसतात. म्हणून अनेक विद्वान ‘खरा’ किंवा ‘पूजेचा खरा अधिकारी’ असं धरतात. ‘बिस्मिल्लाह’मध्येही क्रियापद अध्याहृत आहे: अल्लाहच्या नावाने मी... काय? इथे कोकणाचा धागा लागतो. माहीमचे मखदूम अली माहिमी (इ. स. १३७२–१४३१) यांनी अरबीत कुराणाचं भाष्य लिहिलं, आणि प्रत्येक सूरेच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरेच्या आशयाला धरून वेगळा उलगडला.

मग व्याकरण निर्णय देतं का? दहाव्या शतकातले इब्न जिन्नी (मृत्यू इ. स. १००२), एका ग्रीक वंशाच्या गुलामाचा मुलगा, यांनी आपल्या ग्रंथात धर्मश्रद्धांसाठी अरबी भाषेचं ज्ञान कसं तारतं यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. वाट चुकलेले बहुतेक जण भाषा कच्ची असल्यामुळे चुकले, असं ते म्हणतात. पण त्यांचं स्वतःचं मत होतं की भाषेचा बहुतांश भाग लाक्षणिक असतो; म्हणून देवाचा ‘हात’ वाचला की ते रूपक घेत. अशअरींनी त्यावर द्विवचन दाखवलं: ३८व्या सूरेत देव आदमविषयी ‘ज्याला मी माझ्या दोन हातांनी घडवलं’ असं म्हणतो. ‘हात’ म्हणजे सामर्थ्य असेल, तर ‘दोन सामर्थ्यं’ म्हणजे काय? आणि चौदाव्या शतकाच्या तोंडावर दमास्कसचे धर्मपंडित इब्न तैमिया यांनी शब्दार्थ आणि लक्षणा ही विभागणीच नाकारली. म्हणजे नियम सगळ्यांना एकच होता, पण भाषा मुळात कशी चालते याची प्रत्येकाची कल्पना त्याच्या देवाच्या कल्पनेशी बांधलेली होती. मतं आधी ठरत आणि व्याकरण मागून येई, असंही अनेकदा झालं. तरी प्रत्येकाला आपलं मत कर्ता-कर्म-क्रियापदात बसवून दाखवावं लागलं, आणि त्यात काही मतं टिकली नाहीत. झमख्शरींचं कुराणभाष्य सुन्नींनी टाकून दिलं नाही ते यामुळेच. त्यातली मुअतझिली मतं चिमट्याने वेचून काढावी लागली, असं एका विद्वानाने म्हटल्याचं सांगतात. भाष्य मात्र शतकानुशतकं शिकवलं गेलं.

लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू इ. स. १७४८) यांच्या नावाने ओळखला जाणारा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम आजही भारतातल्या असंख्य मदरशांत चालतो, महाराष्ट्रातही. त्यात मुलगा आधी सर्फ आणि नह्व शिकतो, म्हणजे शब्दरूपं आणि वाक्यरचना. ‘दरब झैदुन् अम्रन्’, झैदने अम्रला मारलं, हे वाक्य घोकतो. श्रद्धातत्त्वांवरचे ग्रंथ बऱ्याच वर्षांनी हातात येतात.

तोवर त्याला तिसऱ्या सूरेतली सातवी आयत तोंडपाठ झालेली असते. कुराणातल्या काही आयती स्पष्ट आहेत, काही गूढ, असं ती सांगते, आणि पुढे म्हणते: त्यांचा खरा अर्थ अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही, ‘व’ ज्ञानात मुरलेले लोक म्हणतात, आमची यावर श्रद्धा आहे. हा ‘व’ नवं वाक्य सुरू करत असेल, तर गूढाचा अर्थ एकट्या देवाला ठाऊक. जोडणारा असेल, तर विद्वानांनाही. सुरुवातीच्या काळातले भाष्यकार मुजाहिद दुसऱ्या बाजूचे होते, बहुसंख्य पहिल्या. व्याकरणाला दोन्ही चालतं. आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या प्रतींत त्या ‘व’च्या आधी, ‘इल्लल्लाह’वर, एक बारीकसा ‘मीम’ असतो. इथे थांबायलाच हवं, असं तो सांगतो. मुलगा तिथे थांबतो, श्वास घेतो, आणि ‘व’पासून पुढे वाचू लागतो.